काशीला पहिल्यांदा जाताय? पहिला दिवस असा सांभाळा

काशीला जायचं बऱ्याच घरांत वर्षानुवर्षं ठरत असतं. आजीची इच्छा असते, बाबांना निवृत्तीनंतर वेळ मिळतो, मुलांना रील्समध्ये पाहिलेली गंगा आरती प्रत्यक्ष बघायची असते. शेवटी तिकिटं निघतात, बॅगा भरल्या जातात आणि लांबचा प्रवास करून सगळं कुटुंब वाराणसीच्या स्टेशनबाहेर येतं. तिथे पहिल्या पाच मिनिटांत सात-आठ जण विचारतात, "कहाँ जाना है?" हॉर्न थांबत नाहीत. कोणीतरी बॅगेला हात घालतो. आजीला पाणी हवं असतं, मुलाला बाथरूमला जायचं असतं आणि हॉटेलचा पत्ता ज्याच्या फोनमध्ये आहे त्याचीच बॅटरी संपलेली असते.

नेमके याच वेळी सगळ्यात जास्त निर्णय घ्यावे लागतात. रिक्षा कोणती, भाडं किती, हा माणूस सांगतोय ते खरं का? अंग दमलेलं असतं आणि शहराची रीत माहीत नसते. घरातल्या माणसांची आपसात चिडचिड सुरू होते तीही इथेच. बऱ्याच सहली पहिल्या दिवशीच बिघडतात आणि पुढचे तीन दिवस ते निस्तरण्यात जातात.

यावर उपाय साधा आहे. पहिल्या दिवशी घ्यावे लागणारे निर्णय शक्य तितके घरूनच घेऊन जायचे. गर्दीचं, अनोळखी शहर कुठलंही असो, ही युक्ती चालते. या वेळी आपण वाराणसीचं उदाहरण घेऊ, कारण पुणे असो, इंदूर, बडोदा की हैदराबाद, मराठी घरातून कोणी ना कोणी तिथे निघालेलं असतंच.

तिकीट काढण्याआधी पंचांग बघा

आपला श्रावण आणि उत्तरेतला 'सावन' एकाच दिवशी सुरू होत नाही. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, तिकडे पौर्णिमेला. त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या साधारण १५ दिवस आधी लागतो. 'अजून आषाढ चालू आहे, गर्दी नसेल' असं समजून गेलात, तर कावडियांच्या रांगा बघून धक्का बसेल. सावनातले सोमवार, महाशिवरात्र आणि कार्तिक पौर्णिमेची देव दिवाळी हे तिथले सर्वाधिक गर्दीचे दिवस. ज्येष्ठ मंडळी आणि लहान मुलं बरोबर असतील, तर ते टाळलेले बरे.

हवामानही बघून घ्या. मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो. पावसाळ्यात गंगा चढली की घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि नावा बंद ठेवल्या जातात. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन् तास उशिरा येतात. परतीचं विमान किंवा पुढची गाडी त्याच दिवशी असेल, तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.

स्टेशन नेमकं कोणतं?

वाराणसी जंक्शन, बनारस, वाराणसी सिटी आणि काशी ही चार वेगवेगळी स्टेशनं आहेत. वाराणसी जंक्शनला स्थानिक लोक 'कँट' म्हणतात. 'बनारस' म्हणजे जुनं मंडुवाडीह. त्याचं नाव २०२१ मध्ये बदललं. काही गाड्या शहरात न येता नदीपलीकडच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनला थांबतात. हे जुनं मुगलसराय. तिथून शहरात यायला वेगळी गाडी करावी लागते. विमानतळ बाबतपूरला आहे, शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर.

हॉटेलला कळवताना तिकिटावर छापलेलं स्टेशनचं नाव जसंच्या तसं सांगा. 'आम्ही बनारसला उतरतोय' एवढं म्हटलं, तर घ्यायला येणारा माणूस एका स्टेशनवर आणि तुम्ही दुसऱ्या, असं होऊ शकतं.

हॉटेल बुक करताना आणखी दोन प्रश्न विचारा. गाडी कुठपर्यंत येते? आणि तिथून किती चालायचं, किती पायऱ्या? घाटाजवळची बरीच हॉटेलं गल्लीत असतात. तिथे चारचाकी सोडाच, रिक्षाही पोहोचत नाही. फोटोतल्या खिडकीतून गंगा दिसते. खोलीपर्यंतच्या पायऱ्या फोटोत दिसत नाहीत. गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल, तर घाटावरच्या खोलीचा मोह सोडून रस्त्यालगतचं हॉटेल घ्या.

दिशा डोक्यात बसवा

गल्ल्यांमध्ये फोनवरचा नकाशा बऱ्याचदा गोंधळतो. पण काशीची रचना एकदा समजली की हरवण्याची भीती कमी होते. इथे गंगा उत्तरेकडे वाहते आणि सगळे घाट तिच्या पश्चिम काठावर आहेत. म्हणून घाटावर बसलं की सूर्योदय समोर दिसतो. नदी नेहमी पूर्वेला. दक्षिणेच्या टोकाला अस्सी घाट, मधोमध दशाश्वमेध, त्याच्या उत्तरेला मणिकर्णिका आणि पुढे पंचगंगा. एकूण घाट ८४ म्हणतात.

गल्लीत वाट चुकली तर घाबरून उलटसुलट फिरू नका. जवळच्या दुकानदाराला "घाट किधर है?" एवढं विचारा. घाटावर पोहोचलं की काठाने चालत तुम्हाला हव्या त्या घाटापर्यंत जाता येतं. प्रत्येक घाटाचं नाव भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं. शहराच्या बाजूने लक्षात ठेवायची खूण म्हणजे गोदौलिया चौक. दशाश्वमेधकडे जाणारी वाहनं साधारण इथेच थांबतात आणि पुढे पायी जावं लागतं.

'सवारी' की 'रिझर्व्ह'?

भाड्यावरून होणारे बरेच वाद एका शब्दामुळे होतात. ऑटो आणि ई-रिक्षा, म्हणजे तिथले 'टोटो', दोन प्रकारे चालतात. 'सवारी' म्हणजे माणशी भाडं. वाटेत आणखी लोक चढतात-उतरतात. 'रिझर्व्ह' म्हणजे पूर्ण गाडी तुमची. तुम्ही सवारीचा दर ऐकून बसता, तो रिझर्व्ह समजून पैसे मागतो आणि भांडण सुरू. म्हणून बसण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा: रिझर्व्ह आहे का, पैसे माणशी की पूर्ण गाडीचे, आणि नेमकं कुठपर्यंत सोडणार? निघण्यापूर्वी साधारण भाडं किती होतं, हे हॉटेललाच फोनवर विचारून ठेवा.

वाटेत चालक म्हणाला की तुमचं हॉटेल बंद झालंय, तिकडे रस्ता खोदलाय, मी चांगलं हॉटेल दाखवतो, तर वाद घालू नका. त्याच्यासमोरच हॉटेलला फोन लावा. यात खरं-खोटं लगेच कळतं आणि आवाज चढवावा लागत नाही.

स्वतःहून आलेला माणूस आणि तुम्ही शोधलेला माणूस

नव्या शहरात कोणावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. काहीजण पहिल्याच दिवशी फसतात आणि मग प्रत्येकाकडे संशयाने बघू लागतात. तसं झालं तर शहर बघण्यातली मजाच जाते. त्यापेक्षा एक साधा नियम पाळून बघा. माहिती हवी असेल तर माणूस तुम्ही निवडा. चहाच्या टपरीवाला, औषधाच्या दुकानातला, दारात बसलेली आजी, पोलीस. त्यांना तुमच्याकडून काही मिळवायचं नसतं आणि काशीचे लोक बोलायला मोकळे असतात. रस्ता विचारला की कुठून आलात, किती दिवस आहात, काय खाल्लंत, असं सगळं विचारतील.

स्वतःहून मदतीला येणारा प्रत्येकजण लबाड असतो असं मुळीच नाही. "बाजूला व्हा, मागून सांड येतोय" असं ओरडून सांगणाराही स्वतःहूनच आलेला असतो. फरक ओळखायची खूण अशी, की त्याची मदत तिथेच संपते. जो मदत करता करता तुम्हाला कुठेतरी घेऊन जायला लागतो, मग ते साडीचं दुकान असो, झटपट दर्शनाची सोय असो की 'माझ्या भावाची नाव', त्याला हात जोडून "नहीं भैया, हो गया" म्हणा आणि चालत राहा. थांबून कारणं देऊ नका. प्रत्येक कारणाला त्याच्याकडे उत्तर असतं.

घाटावर पूजा करायची असेल, तर हातात पाणी घेण्याआधी दक्षिणा ठरवा. संकल्प सांगताना मध्येच मोठी रक्कम वदवून घेण्याचे प्रकार होतात आणि देवाच्या नावाने उच्चारलेला आकडा मागे घ्यायला मन धजत नाही. घरातल्या ज्येष्ठांशी हे आदल्या दिवशीच बोलून ठेवा. ऐन वेळी सगळ्यांसमोर तुम्ही त्यांना थांबवलंत, तर त्यांना वाईट वाटतं. 'अमुक रकमेपर्यंत तुमच्या मनाप्रमाणे' असं आधी ठरलं असलं की दोघांनाही मोकळं वाटतं. नावेचंही तसंच. पैसे माणशी की पूर्ण नावेचे, कुठून कुठपर्यंत आणि किती वेळ, हे चढण्याआधी बोला आणि मुलांना लाइफ जॅकेट घालूनच बसवा.

फोन नसताना कुटुंब कसं सापडणार?

हा भाग नीट वाचा आणि बरोबर येणाऱ्या सगळ्यांना वाचून दाखवा. काशी विश्वनाथ मंदिरात मोबाइल नेता येत नाही. स्मार्ट घड्याळसुद्धा बाहेर ठेवावं लागतं. २०२१ च्या डिसेंबरमध्ये नवा कॉरिडॉर सुरू झाल्यापासून आवार बरंच मोठं झालं आहे आणि आत-बाहेर जायला एकाहून जास्त दरवाजे आहेत. आता विचार करा. पाचजणांचे फोन एका लॉकरमध्ये, किल्ली एकाच्या खिशात. रांगेत धक्काबुक्की झाली आणि आजी दुसऱ्या दरवाजाने बाहेर पडली. तिला कोणाचाही नंबर पाठ नाही. हॉटेलचं नाव माहीत नाही, कारण ते बुकिंग नातवाने केलं होतं.

हे टाळायला कागद आणि पेन पुरेसं आहे. घरून निघण्यापूर्वी प्रत्येकासाठी एक चिठ्ठी करा. त्यावर नाव, घरातल्या दोघांचे नंबर, हॉटेलचं नाव आणि पत्ता देवनागरीत लिहा. बाहेरगावी थांबलेल्या एखाद्या नातेवाइकाचाही नंबर लिहा, कारण तुमचे फोन लॉकरमध्ये असताना तोच उचलला जाणार आहे. रक्तदाब, मधुमेह असेल तर औषधांची नावंही लिहा. चिठ्ठी आजोबांच्या शर्टाच्या खिशात, आजीच्या बटव्यात आणि मुलांच्या पँटच्या खिशात असू द्या.

मंदिरात शिरण्याआधी भेटायची जागा ठरवा. 'बाहेर भेटू' असं मोघम नको. ज्या दरवाजाने आत गेलो त्याचा क्रमांक आणि समोरचं एक दुकान, असं नेमकं. आसपासची हार-प्रसादाची दुकानं फोन ठेवायला लॉकर देतात. प्रसाद त्यांच्याकडूनच घ्यावा अशी त्यांची अपेक्षा असते, म्हणून किंमत आधी विचारा. दुकानाचा फोटो काढून उपयोग नाही. तो फोटो त्याच लॉकरमध्ये राहणार! दुकानाचं नाव आणि दरवाजाचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून घ्या.

यूपीआय जवळपास सगळीकडे चालतं, पण फोनच नसेल तर काय? प्रत्येक मोठ्या माणसाजवळ १०, २०, ५० च्या थोड्या नोटा असू द्या. रांगेत उभं राहण्याआधी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन या. हॉटेलवरूनच आटोपून निघणं सर्वांत सोयीचं. मधुमेह असलेल्यांनी निघण्याआधी काहीतरी खाऊन घ्या. लवकर दर्शनासाठी पैसे भरायचे असतील, तर ते मंदिर न्यासाच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा काउंटरवरच भरा, गल्लीत भेटलेल्या कोणाकडे नको. आणि खरंच कोणी हरवलं, तर शोधत फिरत बसू नका. जवळच्या पोलिसाला सांगा, ११२ वर फोन करा आणि एकजण ठरलेल्या जागीच थांबा.

'तुम' नको, 'आप' म्हणा

आपल्या मराठी कानाला 'तुम' हे 'तुम्ही'सारखं वाटतं आणि आपण आदरानेच बोलतोय असं समजतो. हिंदीत मात्र 'तुम' बरोबरीच्या किंवा लहान माणसाला म्हणतात. अनोळखी रिक्षावाल्याला, नाववाल्याला 'आप' म्हणा. बोलण्याचा सूरच बदलतो. दुसरा शब्द 'बाई'. आपल्याकडे शाळेतल्या शिक्षिकेलाही बाई म्हणतात, पण तिकडे एखाद्या स्त्रीला तशी हाक मारली तर ते तिला खटकू शकतं. 'दीदी', 'चाची', 'माताजी' म्हणा. समोरचा एकटाच असून 'हम जा रहे हैं' म्हणाला, तर गोंधळू नका. तिथे स्वतःला 'हम' म्हणायची पद्धत आहे. आणि 'बस पास में ही है' म्हणजे पाच मिनिटंही असू शकतं आणि पंचवीसही. आजोबा बरोबर असतील तर 'पैदल कितना समय?' असं विचारा.

खाणं थोडं थोडं

सकाळची कचोरी-जिलेबी, टमाटर चाट, कुल्हडमधली लस्सी, फक्त थंडीत मिळणारं फेसाळ मलइयो. हे सगळं खायचंच आहे, पण पहिल्याच दिवशी नको. प्रवासाने पोट आधीच बिघडायच्या बेतात असतं. पहिल्या दिवशी डाळ-भात, गरम पोळी आणि बाटलीबंद पाणी. दुसऱ्या दिवसापासून एकेक पदार्थ, गर्दी असलेल्या दुकानात, समोर तळलेला. ओआरएसची पाकिटं बरोबर असू द्या. थंडाई घेताना "बिना भांग" असं स्पष्ट सांगा. तिथे भांगेची परवाना असलेली दुकानं आहेत आणि काही ठिकाणी थंडाईत, लस्सीत भांग मिळते. मुलांना थंडाई देण्याआधी तर विचारूनच घ्या.

मणिकर्णिकेवर फोन खिशात

मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या घाटांवर अंत्यसंस्कार चालू असतात. तिथे आलेल्या लोकांच्या घरातलं माणूस गेलेलं असतं. फोटो काढू नका, व्हिडिओ तर नाहीच. 'गरिबांच्या लाकडांसाठी दान द्या' म्हणत कोणी मागे लागलं, तर नम्रपणे पुढे जा. मुलांना नेणार असाल तर आधी सांगून न्या की तिथे काय दिसेल. मुलं प्रश्न विचारतील, त्यांना खरी उत्तरं द्या. एखाद्याला बघायचं नसेल, तर जबरदस्ती करू नका. नावेतून लांबून गेलं तरी चालतं.

पहिल्या दिवसाचा कार्यक्रम

आता हे सगळं एका दिवसात बसवू. हॉटेलवर पोहोचलात की आंघोळ, जेवण आणि दोन तास झोप. दर्शन पहिल्या दिवशी ठेवूच नका. आजी म्हणेल, "काशीत येऊन देवाचं दर्शन न घेता झोपायचं?" तिला सांगा की उद्या पहाटे ताज्या अंगाने जाऊ, म्हणजे रांगेत उभं राहवेल. संध्याकाळी उन्हं उतरली की एकाच घाटावर जा आणि पायऱ्यांवर नुसते बसा. दशाश्वमेधची आरती रोज असते, त्यामुळे ती पहिल्याच दिवशी गाठायची घाई नको. गर्दीची सवय नसेल तर अस्सी घाटाची बाजू जरा मोकळी आहे. ज्या दिवशी आरतीला जाल, त्या दिवशी संपल्यावर लगेच उठू नका. वीस मिनिटं बसून राहा, गर्दी ओसरू द्या, मग मुलांचा हात धरून निघा.

गल्लीतून चालताना एकामागे एक, कडेने. सांड समोर आला तर एखाद्या ओट्यावर चढून त्याला जाऊ द्या. तिथले लोकही तेच करतात. माकडांच्या भागात चष्मा आणि हातातली प्रसादाची पिशवी सांभाळा.

आपली माणसंही आहेत तिथे

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शहर ओळखीचं वाटायला लागलं की थोडा वेळ मराठी खुणा शोधण्यासाठी ठेवा. आज ज्या विश्वनाथ मंदिरात तुम्ही जाता, ते १७८० मध्ये अहिल्याबाई होळकरांनी बांधलं. त्यांच्या नावाचा घाट दशाश्वमेधच्या शेजारीच आहे. पुढे नागपूरकर भोसल्यांचा भोसले घाट आहे, शिंद्यांचा सिंधिया घाट आहे आणि त्याच्या जवळच एका बाजूला कललेलं रत्नेश्वर मंदिर दिसतं. एकनाथ महाराजांनी आपलं भागवत काशीतच पूर्ण केलं. झाशीची राणी लक्ष्मीबाई याच शहरात जन्मली. अस्सीजवळ भदैनीत तिचं स्मारक आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाटाच्या गल्ल्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या राहणारी मराठी कुटुंबं आहेत. तिथून जाताना मोठ्याने मराठीत बोला. एखाद्या दारातून "कुठले तुम्ही?" असा प्रश्न आला, तर नवल वाटू देऊ नका.

निघण्याआधी आज रात्री एवढं करा

घरातल्या सगळ्यांना अर्धा तास एकत्र बसवा. चिठ्ठ्या लिहा. आजीला आणि मुलांना किमान एक मोबाइल नंबर पाठ करायला लावा. रोज जेवताना विचारा. हॉटेलला फोन करून गाडी कुठपर्यंत येते ते विचारा. पूजेची रक्कम ठरवा. पहिल्या दिवसाच्या रकान्यात फक्त 'विश्रांती आणि एक घाट' असं लिहा. आणि ज्याला चालण्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो, त्याच्या वेगाने बाकीच्यांनी चालायचं, हेही ठरवून टाका. आजी काशीला बहुधा एकदाच येणार असते. तिला घाई झाली नाही आणि ती गर्दीत एकटी पडली नाही, एवढं जरी तुम्ही सांभाळलंत, तरी घरी आल्यावर ती शेजारणीला काशीच्या गोष्टी आनंदाने सांगेल.